सगळ्याच बाया रडतात

गिरजे, तुझ्या अंगणात त्या दिवशी एवढ्या बाया बसल्या होत्या आणि एकीलाही नीट रडता आलं नाही. तुझी सून तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. तुझी नणंद गुडीहत्नूरहून आली, गल्लीच्या तोंडापासून "माह्ये वयनी वं, माह्ये वयनी" करत आली, पण त्याच्या पुढं तिला शब्दच नव्हते. तेवढंच म्हणत राहिली. मग खालच्या आळीतली पारू माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आज गिरजी पायजे होती वं. कशी रडली असती."

तू समोर निजलेली होतीस. आणि मला तुझा हेवा वाटला. तुझ्याच मयतीत, तुलाच रडायला, लोकांना तूच हवी होतीस. दोघीतिघींनी माझ्याकडं पाहिलं, की आता हिनं तरी काही म्हणावं. इतकी वर्षं तुझ्या बाजूला बसणारी मीच. मी मान खाली घातली आणि चटईची काडी मोडत बसले.

आज वीस दिवस झाले. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. चौथीपर्यंतच्या शाळेनं मला एवढंच दिलं, की जे तोंडातून निघत नाही ते हातातून निघतं. तुझं उलट होतं. तुला तुझं नावही लिहिता येत नव्हतं.

आपल्याकडं बाया मेलेल्याचे गुण घेऊन रडतात. कुणी म्हणतं सोन्यासारखा होता, कुणी म्हणतं देवमाणूस होता. तू कधी कुणाला सोन्यासारखा म्हटलं नाहीस. तो चपला कुठं काढायचा, ते तू सांगायचीस. आणि तेवढ्यानं त्या चपला सगळ्यांना दिसायच्या, रिकाम्या.

हे तुला आपोआप सुचत नसे, हे मला एकटीला ठाऊक होतं. तू मेहनत करायचीस. वरच्या आळीतला किसनबुढा आजारी पडला तेव्हा आपण दोघी पाहायला गेलो होतो. तू त्याच्या खाटेजवळ बसून एकेक विचारायला लागलीस. जेवला का, काय जेवला, कोणत्या कुशीवर झोप लागते. बुढा वैतागला. "हे माह्या मरनाची तयारी करून राह्यली," त्यानं सुनेला सांगितलं. "हिले पानी पाज आन् लाव वाटंले. मी अजून दोन पावसाळे पायतो."

"पाय ना बुढ्या, कोन नाही म्हनते," तू म्हणालीस. "मी तं पानीच प्याले आली."

दारातून बाहेर पडल्यावर तू मला म्हणालीस, "बिडी इझवून कानामागं ठेवते तो. पाह्यलं का?"

मी पाहिलं नव्हतं. मी त्याच्या समोर अर्धा तास बसले होते.

त्यानं खरंच दोन पावसाळे पाहिले. मग गेला. तेव्हा तू रडलीस, "अर्धी बिडी कानामागं राह्यली रे बुढ्या, अर्धी तं ओढून जाचं होतं." बाया रडता रडता हसल्या आणि हसल्याचं वाईट वाटून आणखी रडल्या. मी ही बिडी कशी पाहिली नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. बुढ्याचं मला काही वाटलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहून काढते.

मला सुचत नव्हतं असं नाही. मला उशिरा सुचायचं. माझी सासू गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला दोन ओळी सुचल्या, चांगल्या होत्या. पण तिसऱ्या दिवशी कुणासमोर रडणार? त्या ओळी मी भांड्यांना सांगितल्या. चारचौघींत कधी तोंडातून काही निघालं, तर ते इतकं हळू निघायचं की बाजूचीला वाटायचं मी नाक ओढते आहे. तुला मात्र ऐकू यायचं. मयतीहून आंघोळीला जाताना मी तुला हळूच विचारायची, "माह्यं कसं झालं?" तू कधी खोटं चांगलं म्हणाली नाहीस. "पयली ओळ कोनाची बी होती," तू म्हणायचीस. "दुसरी तुही होती. दुसरी बरी होती."

एवढ्या वर्षांत तुझ्याबद्दल मी असं एक वाक्य बोलले नाही. तू कधी विचारलंच नाहीस, असं मी स्वतःला सांगत आले. चांगलं असेल तर लोक सांगतातच की, मी का सांगू.

तुला ते हवं होतं, हे मला कळलं गुडीहत्नूरच्या पलीकडच्या त्या गावात. तुझ्या लांबच्या नात्यातले दोन भाऊ होते. निरोप आला, बुढा गेला. दोघांतला मोठा तीन वर्षांनी मोठा, तर तोच गेला असं तू धरून चाललीस. ऑटोत बसून सगळा रस्ता तू त्याच्या गोष्टी आठवत होतीस. गावात पोचलो तर मोठ्याच्याच अंगणात चटया टाकलेल्या, माणसं बसलेली. गेला होता धाकटा, त्याचं अंगण लहान म्हणून माणसं तिथं बसली होती, हे आपल्याला काय माहीत. मोठ्याची बायको दिरासाठी रडत दाराशी बसली होती. तू गल्लीतूनच सुरू झालीस, जाऊन तिच्या गळ्यात पडलीस आणि तिच्या जित्या नवऱ्याला रडायला लागलीस.

ती बिचारी "अवं बाई, अवं बाई" करत होती. तुझे डोळे मिटलेले. तू त्याच्या आंब्याच्या झाडांचं म्हणालीस, की कलम बांधायला स्वतःच्या धोतराचा काठ फाडायचा. तेवढ्यात तो मागच्या दारानं आला, हातात चहाचा गिलास घेऊन. बाया उठायला लागल्या. त्यानं हातानं सगळ्यांना बसवलं आणि दाराला टेकून ऐकत उभा राहिला. तू श्वास घ्यायला थांबलीस तेव्हा म्हणाला, "मंग? फुडं?"

तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता तू जमिनीत जाशील. तर तू म्हणालीस, "फुडं तुह्या बैलाचं होतं. आता राह्यलं."

"म्हन ना," तो म्हणाला. "माह्या वक्ताले तू येशीनच, पर मी आयकाले नसन." मग गिलास खाली ठेवला. "धोत्राचं तुले कोनं सांगतलं? घरात बी कोनाले याद नाही."

परत येताना ऑटोत मी हसून हसून बेजार झाले होते. तू हसत नव्हतीस. म्हणालीस, "जित्त्या मानसाले आयकाले भेटलं तं पाय कसा खुश झाला. तोंडावर पानी आलं त्याच्या."

"मंग काय, आता घरोघरी जिते मानसं रडत फिरतं का?"

"मले बी असं कोनी म्हनावं वं," तू म्हणालीस. "मी मेल्यावर सारे म्हनतीन, रडत होती चांगली. मले आता आयकाचं हाय."

तिथंच, त्या ऑटोत, मी तुला म्हणू शकले असते. शेजारी दुसरं कुणी नव्हतं. मी बाहेर कापसाकडं पाहत बसले.

मग त्या बाई आल्या. आदिलाबादकडच्या कुठल्या कॉलेजात शिकवणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर मंडल ऑफिसातला एक साहेब, त्याला तेलुगूच येत होतं. कलाकारांची यादी करत होते. ज्याचं नाव मंजूर होईल त्याला कार्यक्रमात शाल आणि कागद, आणि पुढं महिन्याचं मानधन. गावानं भजनवाल्यांचं नाव सांगितलं, ढोलकीवाल्याचं सांगितलं. कुणीतरी गंमत म्हणून म्हणालं, "रडाले आमच्या इथं गिरजाबाई हाय." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

तुझ्या ओट्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, काही ऐकवा.

"असं कसं आयकवू?" तू म्हणालीस. "मेलेलं कोनी पायजे." मग त्यांच्याकडं पाहून विचारलंस, "तुमची माय हाय का बाई?"

"नाही. चार वर्षं झाली."

तू त्यांना चारच गोष्टी विचारल्यास. माय तुम्हाला काय म्हणून हाक मारायची. कशावरून रागवायची. तिच्या पिशवीत काय असायचं. शेवटची भाकर कोण खायचं. बाईंनी सांगितलं, पिशवीत जुनी बसची तिकिटं असायची, आई एकही फेकायची नाही. आणि मी मुलगी असून मला बाळ्या म्हणायची.

तू पदर डोक्यावरून पुढं ओढलास.

"माय वं, साऱ्या गावचे तिकिटं तुनं पिशवीत जपून ठेवले,
ह्या एका गावचं तिकीट मले न सांगता काढलं.
बाई म्हननारे लय भेटले वं, मॅडम म्हननारे लय भेटले,
बाळ्या म्हननारं तोंड तुनं झाकून नेलं."

बाई ओट्यावर बसल्या बसल्या रडायला लागल्या, आपल्या गावच्या बाया रडतात तशा, आवाज करून. साहेब घाबरून उभा राहिला. त्याच्या हातातल्या कागदावर गाणं, वाद्य, नाच असे रकाने होते. तो विचारत होता, "इदि पाटा, एडुपा?" हे गाणं म्हणायचं की रडणं.

गिरजे, त्या वेळी मी खांबाला धरून उभी होते आणि माझ्या पोटात आग पडली होती. त्या बाईंच्या आईला तू कधी पाहिलं नव्हतंस. चार प्रश्न, आणि एवढं! ते चार प्रश्न मी पाठ केले. घरी जाऊन माझ्या मायसाठी ते मनात विचारले, उत्तरंही सगळी माहीत होती. काही झालं नाही. उत्तरं तशीच बसून राहिली.

पण ते नंतरचं. आधी कागदाचं सांगते, कारण हे सगळं मी त्यासाठीच लिहायला घेतलं. कागदावर गावातल्या दोघांचा दस्तखत हवा होता, की ही रचना या बाईची स्वतःची आहे. सरपंचानं केला. दुसरा दस्तखत तिच्यासोबत बसणाऱ्या एखाद्या बाईचा हवा, अंगठा चालणार नाही, असं साहेब म्हणाला. आपल्या वयाच्या बायांत नाव लिहिणारी मीच. तू चहा ठेवायला आत गेली होतीस. बाईंनी पेन माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "हे सगळं यांचं स्वतःचं आहे ना?"

मी म्हणाले, "इथं सगळ्याच बाया रडतात."

"पण आता मी ऐकलं ते?"

"तसंच असते ते. मायपासून, आजीपासून चालत आलेलं हाय. तिचं एकटीचं कसं म्हनावं?"

आतून तुझ्या कपबश्यांचा आवाज येत होता. बाईंनी पेन मागं घेतलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "पारंपरिक असं लिहिते मग. तुम्ही खरं सांगितलंत, बरं झालं." माझ्यासारख्या घुम्या बाईला इतक्या शिकलेल्या बाईनं कधी असं म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं.

मी खोटं बोलले का? हे मी तेव्हापासून किती वेळा उलटून पालटून पाहिलं. तुझी चाल तुझी नव्हती, ती सगळ्या गावाची. रडायला तू तुझ्या आजीकडून शिकलीस. तू मध्ये थांबायचीस तेव्हा बाया "हो वं माय" म्हणायच्या, त्यावर तुझी पुढची ओळ चढायची. मग त्यातलं किती तुझं आणि किती आमचं, हे ऑफिसातल्या माणसानं कसं मोजायचं? एकीला शाल दिली तर ज्या बायका तिच्यासोबत बसून घसा कोरडा करतात त्यांचं काय? आणि ज्यांच्या घरी माणूस मेलं, त्यांच्या दुःखावर कुणाला शाल का मिळावी? हे प्रश्न आजही मला बरोबर वाटतात. फक्त त्या दिवशी ते माझे नव्हते. मी ते घाईघाईनं शोधून आणले होते, कारण मला नाही म्हणायचं होतं.

त्याच संध्याकाळी आपलं भांडण झालं. तू खुशीत होतीस, शालीचा रंग कोणता असेल ते बोलत होतीस. मी म्हणाले, "रडन्याले बक्षीस ठेवलं तं बाया बक्षिसासाठी रडतीन. खरं रडनं राह्यनार नाही."

"आन् तू आतालोक कायच्यासाठी रडत होती?" तू म्हणालीस. "आंगोळीले जाता जाता मले इचारत नाही का, माह्यं कसं झालं मनून?"

मी उठून घरी आले. तुझं बरोबर होतं. मयतीहून परतताना आपल्याकडं बाया काय बोलतात? कोण मनापासून रडलं, कोण दाखवायला रडलं, कोणत्या सुनेचा पदर कोरडा राहिला. गाव बाईच्या रडण्याला गुण देतच आलंय, रोज, फुकट. तू एकदाच ते मोठ्यानं ऐकायला मागितलंस.

यादीत ढोलकीवाल्याचं नाव आलं. तुझं आलं नाही. तू मात्र विचारायचं सोडलं नाहीस. पाण्याला जाताना, वेचणीला जाताना, माझ्या दारासमोर थांबून, "काऊन वं सुभद्रे, तू तं वाचतं. माह्या कागदाचं काही आलं का?" मी म्हणायची, येईल, सरकारी काम आहे. दोन वर्षं तू विचारत राहिलीस आणि मी म्हणत राहिले.

त्या दोन वर्षांतच माझा नवरा गेला. तू त्याला दादा म्हणायचीस. इचोड्याच्या रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान, सगळा जन्म ट्रकच्या चाकांत हवा भरली आणि शेवटी त्यालाच श्वास पुरेना. त्याला अंगणात ठेवला होता. तू आलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि रडलीस, "गेला वं माय, गेला वं." तेवढंच. परत तेच, "गेला वं माय." बाया गप्प बसून वाट पाहत होत्या. मीही वाट पाहत होते. गिरजे, नवरा माझ्यासमोर होता आणि मी तुझ्या तोंडाकडं पाहत होते.

तू काही म्हणाली नाहीस. एक ओळ नाही. पारूसारखी रडलीस, नणंदेसारखी रडलीस. त्याला उचलून नेला.

मी मनात तुला फार बोलले. म्हातारी झाली, आटली, असं म्हणाले. थोडं बरंही वाटलं. माझ्या नवऱ्याला रडणारं कुणी मिळालं नाही आणि तरी मला बरं वाटलं, की तुझं संपलं.

मग तुझ्या पोटातली गाठ निघाली. आदिलाबादच्या दवाखान्यातून तुला घरी पाठवलं, आता काही करण्यासारखं नाही म्हणून. मी दुपारी तुझ्यापाशी येऊन बसायची. एका दुपारी मी ठरवून आले होते, की आज कागदाचं सांगून टाकायचं. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "त्या बाईनं मले दुसऱ्याच दिवशी रस्त्यात सांगतलं होतं."

"काय?"

"का त्या लिहिनाऱ्या बाई दस्तखताले नाही म्हनल्या मनून. तिले वाटलं मले ठाऊक असन."

म्हणजे दोन वर्षं तू सगळं जाणून माझ्या दारात थांबून विचारत होतीस. तूच पुढं बोललीस, डोळे मिटून, हळू. "दादा गेला तवा मी सगळ्याच बाया रडतात तशी रडली. तूच म्हनली होती ना."

मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली. मग तू म्हणालीस, "त्याचं माह्यापाशी ठेवलेलं हाय. आयकतं का?"

मी मान हलवली. तुझा आवाज राहिला नव्हता. तू उठून बसली नाहीस, पदरही पुढं ओढला नाहीस. भिंतीकडं तोंड करून म्हणालीस.

"साऱ्या रस्त्याच्या चाकात तुनं हवा भरली रे दादा,
तुह्या छातीत भराले कोनापाशी पंप नाही भेटला.
हातपंपापाशी उभा राहून माती घासून हात धुतले,
काळं सारं तिथंच ठेवलं, घरी उजळ हात नेले.
घरची म्हने, माह्या मानसाचे हात कसे उजळ वं,
तिले नाही ठाऊक, तो हात कुठं धुऊन येते.
आता कोन घासन माती, कोन जाईन हातपंपावर,
पानी तं येऊनच राह्यलं, हात नाही आले."

मला खरंच ठाऊक नव्हतं. बाकीच्या पंक्चरवाल्यांसारखे माझ्या नवऱ्याचे हात काळे नाहीत, याचा मला अभिमान होता. मला वाटायचं तो काम नीट करतो.

"तो हातपंप माह्या दारातून दिसे," तू म्हणालीस. "रोज पाहो मी. एक रोज इचारलं, काऊन रे दादा, घरी पानी नाही का? तं म्हने, लगीन झाल्या झाल्या ते म्हनली होती, रबराच्या वासानं मळमळते मनून."

मी एकदा म्हणाले होते. एकदाच, पहिल्या वर्षी. आणि तो एकतीस वर्षं हात धुऊन येत राहिला. त्याच्यासोबत मी राहिले आणि हे तुला दिसलं. मला रडू आलं, ते त्याच्यासाठी आलं. पण ते खाली बसायच्या आधीच ती जुनी आग उठली. माझा माणूस होता, गिरजे. तो तरी माझ्यासाठी सोडायचास.

तू विचारलंस, "कसं झालं?"

आयुष्यात पहिल्यांदा तू मला विचारलंस.

मी म्हणाले, "बरं झालं."

"कोनती ओळ?"

"सगळंच बरं झालं."

तू थोडी हसलीस. "सगळंच बरं म्हनजे तुनं काहीच नाही धरलं," म्हणालीस आणि कूस बदललीस. त्यानंतर पाच दिवसांनी तू गेलीस. त्या पाच दिवसांत मी रोज आले, कधी पाणी पाजलं, कधी पाय चेपले. ते एक वाक्य मात्र सांगितलं नाही.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी गणपत मिस्त्री गेला. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा, तुला माहीतच आहे, ऑइलनं कोपरापर्यंत काळा असायचा. बाया बसल्या. कुणाला काही येईना. पारूनं मला कोपरानं ढोसलं, "आता तूच हाय." आणि कसं काय झालं ठाऊक नाही, माझं तोंड उघडलं. आवाज मोठा निघाला. हातपंपापासून पुढचं सगळं निघालं, दादाच्या जागी बापू घालून. गणपतची बायको माझ्या गळ्यात पडली आणि आकांत करत म्हणायला लागली, "हो वं माय, असाच होता वं, असेच हात धुऊन ये." गणपत हात कुठं धुवायचा, धुवायचा तरी का, मला काही माहीत नाही. सगळं अंगण रडलं.

आंघोळीला जाताना बाया माझ्याभोवती झाल्या. "सुभद्रे, इतके दिवस कुठं दडून होती वं?" पारू म्हणाली, "आज तू गिरजीच्या बी वर गेली."

मी म्हणाले, "ते गिरजीचं होय. माह्यं नोहे."

"गिरजीचं कसं?" पारू म्हणाली. "गिरजीले जाऊन बारा दिस झाले, गनपत तं रातीच्याला गेला. तिनं काय आधीच रडून ठेवलं होतं का?" सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "लाजते ते. पयल्यापासून तशीच हाय. चार बुकं शिकेल हाय, म्हनून जमते तिले."

मी खरं बोलले तेव्हा कुणी मानलं नाही. समजावून सांगता आलं असतं. पण त्यासाठी तू हे माझ्या नवऱ्यासाठी केलं होतंस हे सांगावं लागलं असतं, आणि त्याच्या मयतीला का म्हटलं नाहीस ते, आणि मग कागद, पेन, सगळंच. मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ओल्या लुगड्यानं घरी आले, चूल पेटवली, भात चढवला, आणि पारूचं ते वाक्य भात होईपर्यंत मनात घोळवत बसले. गोड लागलं मला. जन्मभर जे ऐकायला टपले होते ते मिळालं, आणि तेही तुझ्याच ओळींवर.

एक गोष्ट राहिली. गणपतच्या घरी मी माती घासून हात धुतले असं म्हणाले नाही, साबण लावून म्हणाले. त्याच्या घरी साबण दिसला होता म्हणून. तो शब्द तोंडातून बाहेर पडताच मला कळलं, की ओळ पडली; साबण घरचा, माती हातपंपाची. अंगणभर बाया होत्या, एकीच्याही लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असतं.